सहा तासांची निळाई

शाल्मली कोठावदे रिक्षातून उतरली, मान वर केली आणि तिचं डोकंच फिरलं. ज्या निळ्या भिंतीचे फोटो परदेशी मासिकांच्या मुखपृष्ठांवर छापून आले होते, त्या तिच्या भिंतीपुढे कुणीतरी चांगल्या तीसेक फूट दोऱ्या बांधून चादरी वाळत घातल्या होत्या. फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या, आणि एका ब्लँकेटवर तर चक्क वाघ होता.

आज सोमवार. शुक्रवारी वास्तुकलेच्या पुरस्काराचे परीक्षक येणार आणि स्वागताला वाघ. ती इतकी तरातरा निघाली की बॅग रिक्षातच राहिली. रिक्षावाल्याला हाका मारत मागे यावं लागलं.

तशी ती जन्माचीच चुळबुळी. बैठकीत पेन्सिल दाताखाली, जेवताना पाय हलते, झोपताना फोन हातात. पण गेल्या दोन महिन्यांत ही चुळबुळ फारच वाढली होती, आणि तिचं कारण तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही आणि आईला तर नाहीच नाही.

धारणपूरचं ऊर्जाघर म्हणजे शहराचा कचरा जाळून वीज करणारा कारखाना. असल्या कारखान्याचं नुसतं नाव निघालं तरी पूर्वी लोक रस्त्यावर उतरायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पत्र्याचे डबे, उघडं धुराडं, कुंपणाबाहेर साचलेलं काळं पाणी. असला शेजार कुणाला हवा असतो? इमारत देखणी केली म्हणून कुणी फसणार नाही, हे त्याची रचनाकार म्हणून शाल्मली पहिल्या दिवसापासून जाणून होती. म्हणून तिने ठरवलं की इमारत देखणी असेलच, पण खरंही सांगेल. आत काय जळतंय आणि कसं जळतंय, ते तिच्या अंगावर दिसेल.

आठ-दहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एक नवं रंगद्रव्य तयार झालं होतं. त्याचे स्फटिक जाळीसारखे सच्छिद्र असतात. हवेत अर्धवट जळलेल्या कचऱ्याचे वायू असले की त्यांचे कण या छिद्रांत अडकतात आणि निळा स्फटिक तांबूस होतो. स्वच्छ वारा लागला की कण निघून जातात आणि निळा रंग परत येतो. यंत्र नाही, वायर नाही, पडद्यावरचे आकडे नाहीत. कुणाला फोन करून रंग बदलायला सांगता येत नाही. शाल्मलीने हे रंगद्रव्य टाइलवर बसवून घेतलं आणि पाच मजली उंचीची अख्खी पश्चिमेकडची भिंत त्या टाइलने मढवली. भट्टी साडेआठशे अंशांच्या वर तापलेली असली आणि धूर त्या उष्णतेत निदान दोन सेकंद राहिला, तर कचरा पुरता जळतो आणि भिंत निळी राहते. भट्टी बसली, म्हणजे थंडावली, तर भिंत तांबूस होते. शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं सोपं.

या भिंतीच्या भरवशावर समोरच्या नवजीवन वसाहतीने कारखान्याला होकार दिला. आणि त्या वसाहतीत, भिंतीच्या थेट समोर, दुसऱ्या मजल्यावर शाल्मलीची आई राहत होती. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या कोठावदे बाईंनी गावातलं चांगलं घर सोडून इथे बिऱ्हाड केलं, ते केवळ खिडकी उघडली की मुलीची भिंत दिसावी म्हणून.

"चादरी कुणी घातल्यात गं?" दारातच शाल्मलीने विचारलं.

"आधी हातपाय धू," आई म्हणाली. मग खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "बायकांनी घातल्यात. काढतील."

"मी आत्ता काढून येते."

"शालू, बस म्हटलं ना. ऊन आहे, वाळू देत."

आईच्या आवाजात जरब होती, पण तिने मुलीच्या नजरेला नजर दिली नाही. शाल्मलीला ते खटकलं.

खिडकीतून खाली वसाहतीचं फाटक दिसत होतं. फाटकाला शाळेतला जुना फळा टांगलेला आणि त्यावर आईचं वळणदार अक्षर: "निळी आहे. घाला." वसाहतीतल्या वीस-बावीस बायका उन्हाळाभर नागलीचे पापड करायच्या. रोज सकाळी आठला बाई भिंत बघून फळा लिहायच्या, आणि मगच गच्च्यांवर वाळवणं पडायची. दोन वर्षांत फळ्यावर "घालू नका" असं फक्त चारदा लिहिलं गेलं होतं. बायकांना सुरुवातीला शंका होती, तेव्हा बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "माझ्या मुलीची भिंत आहे. खोटं बोलणार नाही."

शाल्मलीला हे वाक्य आईने फोनवर किती वेळा ऐकवलं असेल. दर वेळी ती नुसतं ऐकून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आईचा डोळा लागला. शाल्मली हळूच खाली उतरली. साडेतीन वाजून गेले होते. तिने दोरीची गाठ सोडली, वाघाचं ब्लँकेट खाली ओढलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

जमिनीपासून माणसाच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत, तीस फूट लांब, भिंत तांबूस झाली होती. वरची सगळी भिंत निळीशार आणि खाली गंज चढल्यासारखा पट्टा.

"बघितलंस ना शेवटी," मागून आईचा आवाज आला. ती धापा टाकत आली होती, पदराने घाम पुसत. तिच्या पाठोपाठ पापडगटाची मंगल शेवाळे, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

"ताई, बाईंना काय बोलू नका," मंगल म्हणाली. "आमीच घासली भिंत. सगळ्यांनी."

"मी सांगितलं म्हणून घासली," आई म्हणाली. "तुझे परीक्षक येणार, आणि खाली कबुतरांची घाण, चिखलाचे शिंतोडे. म्हटलं, लेकीची भिंत लख्ख करून ठेवू. नुसत्या पाण्याने निघेना. मग पापडाचं आधण उरलेलं होतं, पापडखाराचं, गरम. ते आणि काथ्या. निघाली अगदी छान, आरशासारखी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर असं. रोज दुपारी उठतं, तासाभराने जातं. म्हणून चादरी घातल्या." आईने पट्ट्यावरून बोट फिरवलं. "तुझी भिंत मी बिघडवली गं शालू. तुला सांगायचं धाडस होईना."

शाल्मलीला आईला सांगायचं होतं की तू काही बिघडवलेलं नाहीस. पण ते सांगायचं तर पुढचंही सगळं सांगावं लागणार होतं. ती फोनमधलं घड्याळ लावून उन्हात तशीच उभी राहिली. चार वाजून चाळीस मिनिटांनी पट्टा पुन्हा निळा झाला.

पट्ट्याचं कारण तिला तो दिसल्या क्षणीच कळलं होतं. ते असं होतं. उद्घाटनाआधी चाचण्या चालू होत्या, तेव्हा भिंतीवर मधूनच तांबूस चट्टे उठायचे आणि अर्ध्या-पाऊण तासात विरायचे. पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने तोंड वाकडं करून विचारलं, "मॅडम, ही भिंत आजारी आहे का?" शाल्मलीला ते फार लागलं. शिवाय चट्टे खरोखरच कुरूप दिसत होते. तिच्या मनात भिंत होती ती सावकाश, ढग सरकावा तशी रंग बदलणारी. तिने टाइलवर एक पारदर्शक लेप चढवून घेतला. वायू त्या लेपातून इतके हळू झिरपत की भिंतीवर दिसे ती गेल्या सहा तासांच्या हवेची सरासरी. अर्ध्या तासाचा वाईट धूर साडेपाच तासांच्या चांगल्या हवेत मुरून जाई, आणि भिंत निळीच राही. अहवालात तिने लिहिलं, "धुळीपासून संरक्षणासाठी लेप." ते खोटंही नव्हतं, धूळ कमी बसायचीच. कुणी काही विचारलं नाही आणि तिने आपणहून सांगितलं नाही.

देखभालीच्या इंग्रजी पुस्तिकेत एक्केचाळिसाव्या पानावर एक ओळ होती: क्षारयुक्त पाण्याने भिंत धुऊ नये, लेप निघून जाईल. वसाहतीत ती पुस्तिका कुणी पाहिलेली असणं शक्यच नव्हतं. आणि पापडखार हा अव्वल क्षार. लेप धुऊन गेलेला पट्टा आता त्या त्या वेळची हवा दाखवत होता.

दोन महिन्यांपूर्वी आणखी अकरा शहरांनी हाच नमुना मागितला, लेपासकट. तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

बुधवारी ती ऊर्जाघरात गेली. क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये इस्माईल पटवेगार बसला होता. खाली चार मजले खोल हौदात शहराचा कचरा, आणि त्यात वरखाली होणारा लोखंडी पंजा. कचरा उचलायचा, उंचावरून सोडायचा, पुन्हा उचलायचा. ओलं आणि सुकं नीट कालवलं गेलं तरच भट्टी एकसारखी जळते. इस्माईल हे काम, आधी दुसऱ्या कारखान्यात आणि मग इथे, नऊ वर्षं करत होता आणि कचरा नुसता बघून त्यात पाणी किती ते सांगायचा.

"साडेतीनला काय होतं, इस्माईलभाई?"

तो हसला. "कलिंगड होतं, मॅडम. मार्च लागला की शहर कलिंगडावर जगतं. मंडईचा ट्रक दुपारी येतो, एकदम आठ टन. नुसती सालं आणि उसाची चिपाडं. पाणीच पाणी. कालवायला दोन तास द्या, मी कालवून देतो. पण हौद भरलेला असतो, मागं ट्रकांची रांग लागलेली असते, टाकावं लागतं. भट्टी बसते. डिझेल मारून परत वर आणायची, त्यात पाऊण तास जातो."

"तेवढा वेळ धूर?"

"धुराड्यात जाळ्या आहेत ना, त्या पकडतात की बरंचसं," तो म्हणाला आणि पंजाकडे बघत राहिला. "सगळं नाही पकडत. मी सांगितलंय वर. ट्रक सकाळी चार फेऱ्यांत आणा म्हणून. पण वर म्हणतात, भिंत निळी आहे, मग अडलंय कुठं?"

वर म्हणजे व्यवस्थापक हेमंत बेंद्रे. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर भिंतीची छोटी प्रतिकृती. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, चोवीस तासांची सरासरी मर्यादेच्या आत आहे. कायद्याने आपण स्वच्छ आहोत." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तो पट्टा मी पाहिलाय. गोदामात तुमच्याच नव्या टाइल पडून आहेत, लेपासकट. उद्या दिवसभरात बसवून देतो. शुक्रवारी कुणाला पत्ता लागणार नाही."

किती सोपं होतं. एक दिवसाचं काम, आणि आईसुद्धा म्हणाली असती, बरं झालं बाई, निस्तरलं. पुरस्कार मिळाला असता. अकरा शहरांत अकरा निळ्या भिंती उभ्या राहिल्या असत्या आणि त्यांच्या समोर कुणी ना कुणी फळा लिहीत बसलं असतं.

"संध्याकाळी कळवते," असं म्हणून ती उठली. जिन्यात तिला दोनदा थांबावं लागलं.

आई नागलीचं पीठ चाळत होती. शाल्मली तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लेप, सहा तास, कलिंगड, टाइल. आईची चाळणी कधी थांबली ते तिच्या लक्षात आलं नाही.

आईने विचारलं, "म्हणजे मी रोज सकाळी आठला बघत होते, ते काय होतं?"

"पहाटे दोनपासूनची सरासरी. तेव्हा भट्टी चांगलीच जळत असते."

"आणि दुपारी?"

"दुपारी वाळवणं गच्चीवर असायची. तुम्हीही."

"मंगलचे डोळे चुरचुरतात म्हणून मीच तिला म्हटलं, चुलीच्या धुराने होत असेल." आईने चाळणी खाली ठेवली. "मला वाईट तू चुकलीस याचं नाही वाटत, शालू. चुकतात माणसं. पण मी दोन वर्षं तुझ्या नावाची ग्वाही देत होते आणि तू फोनवर नुसतं ऐकत होतीस. एकदा तरी म्हणायचंस, आई, नको देऊस."

शाल्मली रडली. लहानपणी पाढे चुकल्यावर रडायची तशी, नाक ओढत. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

"उद्या गच्चीवर बायका जमतील," आई म्हणाली. "त्यांना तू सांग. मी नाही सांगणार."

गुरुवारी सकाळी फळा कोरा होता, म्हणून बायका आपसूकच जमल्या. शाल्मलीने सांगितलं. बोलताना तिने हातात काही धरलं नव्हतं आणि हात कुठे ठेवायचे ते तिला समजत नव्हतं. कुणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारी उठून निघून गेली, जाताना तिने पाटावरचं पीठ उचललं. बाकीच्या बसून राहिल्या.

"म्हंजे भिंतीला दिसत व्हतं," मंगल म्हणाली. "तुमी तिच्या डोळ्यावर झापड बांधली."

"हो."

"का? चट्टे वंगाळ दिसत व्हते म्हणून?"

"हो," शाल्मली म्हणाली. "म्हणूनच."

मंगलने आपल्या पिठाळ हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "पापडखार किती लागंल?"

"कशाला?"

"सगळी पुसाया."

शाल्मलीने त्याच गच्चीवर बसून पत्र लिहिलं. इमारत ताब्यात दिल्यापासून दोन वर्षं रचनाकाराला स्वतःच्या कामातला दोष दाखवून तो दुरुस्त करवून घेता येतो. ती मुदत याच महिनाअखेर संपत होती. दोषाच्या रकान्यात तिने लिहिलं, "पश्चिमेकडील भिंतीवरील लेप, संपूर्ण." कारणाच्या रकान्यात लिहिलं, "रचनाकाराचा निर्णय." खाली सही केली आणि बेंद्रेला पाठवून दिलं. त्याचा लगेच फोन आला. तो पाच मिनिटं समजावत होता, मग पाच मिनिटं चिडला, आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही मला तोंडघशी पाडताय, मॅडम." शाल्मली म्हणाली, "तुम्हाला नाही हो. मला."

दिवसभर वसाहतीत पापडाच्या पातेल्यांत आधण उकळत होतं. हातभर काठ्यांना काथ्या बांधून बायका भिंत घासत होत्या, शाल्मली त्यांच्यात. क्षाराने तिची बोटं सोलवटली. आई फाटकाजवळ खुर्चीवर बसून होती, मधूनच खोकत, आणि कुठे राहून गेलं ते काठीने दाखवत होती. मुलीशी ती कामापुरतंच बोलली. संध्याकाळपर्यंत काठी पोचेल तिथपर्यंत, म्हणजे आठ फुटांपर्यंत, अख्ख्या लांबीचा लेप निघाला. वरची भिंत तशीच राहिली.

शुक्रवारी परीक्षक सकाळी अकराला येणार होते. शाल्मलीने त्यांना विनंती करून तीनला बोलावलं. तिघं होते, त्यांच्या प्रमुख इंडोनेशियाच्या एक वयस्कर बाई, रुतेना नावाच्या, पायात कापडी बूट, हातात वही. बेंद्रे पांढऱ्या चेहऱ्याने मागे उभा होता. तीन वाजता भिंत वरपासून खालपर्यंत निळी होती आणि ऊन तिच्यावर तिरपं पडलं होतं. परीक्षकांनी भरपूर फोटो काढले. शाल्मलीलाही क्षणभर वाटलं, काय सुंदर दिसतेय ही. तिला तेव्हा फार वाईट वाटलं.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मंडईचा ट्रक आत गेला.

आधी उजव्या कोपऱ्यात एक टाइल तांबूस झाली. मग तिच्या शेजारची, मग पाच-दहा एकदम. वीस मिनिटांत आठ फुटांची खालची भिंत गंजासारखी झाली, डागाडागांची, आणि वरती चार मजले निळे तसेच राहिले. फाटकाजवळ आई उठली. तिने फळ्यावर लिहिलं, "उचला." आणि शाळेची पितळी घंटा वाजवली. समोरच्या साऱ्या गच्च्यांवर बायका उठल्या, वाळवणाच्या चादरींची चारी टोकं धरून आत नेऊ लागल्या. तोंडाला पदर लावलेले.

"हा बिघाड आहे का?" रुतेनाबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"आहे," शाल्मली म्हणाली. "वरचा निळा भाग बिघडलेला आहे. तो मी बिघडवला." मग तिने त्यांना लेपाचं सगळं सांगितलं. बाकीचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. त्यांपैकी एकाने वही मिटली. मागे बेंद्रे फोनवर कुणाला तरी सांगत होता, "पुढचा ट्रक गेटवरच थांबवा. हो, मंडईचा. मी सांगतोय म्हणून थांबवा."

रुतेनाबाई मात्र फाटकाकडे चालत गेल्या. फळ्याजवळ पुन्हा खुर्चीवर बसलेल्या आईसमोर त्या थांबल्या आणि भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी काही विचारलं. मागोमाग आलेल्या शाल्मलीने भाषांतर केलं. "आई, त्या विचारतायत, ही भिंत कुणी बनवली?"

दोन वर्षांत या प्रश्नाचं उत्तर आईने शंभर वेळा तरी दिलं असेल.

आईने भिंत खालपासून वरपर्यंत नीट पाहिली. "खालची आठ फूट आमची," ती म्हणाली. "वरची हिची. वरची कधी पुसणार, विचारा म्हणावं तिला."

शाल्मलीने एकही शब्द न गाळता त्याचं इंग्रजी करून सांगितलं. रुतेनाबाई तिच्याकडे वळल्या आणि उत्तराची वाट बघत थांबल्या.

शाल्मलीने आईकडे पाहिलं.

"सोमवारी वर चढायला परांची बांधतील," ती मराठीत म्हणाली. "तोवर मी इथंच आहे."

आईने खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सोमवार लिहून ठेवला.